होमब्रूचा फॉर्म्युला लिहिताय? या चुका टाळा

माझा पहिला फॉर्म्युला माझ्या लॅपटॉपवर एका झटक्यात चालला, आणि तिथेच घात झाला. चित्रांचा आकार बदलणारं एक छोटं टूल होतं. सहकाऱ्याच्या मशीनवर तोच फॉर्म्युला निमूट कंपाइल झाला, इन्स्टॉल झाला, कुठे एरर नाही. फक्त पीएनजी फाइल उघडेना. जेपेग उघडायची, पीएनजी नाही. दोन तास आम्ही टूलच्या कोडमध्ये बग शोधत बसलो. चूक फॉर्म्युल्यात होती. पीएनजीची लायब्ररी माझ्याकडे कधीतरी दुसऱ्याच कशाबरोबर आलेली होती, त्याच्याकडे नव्हती, आणि ती लागते असं मी कुठे लिहिलंच नव्हतं.

होमब्रू म्हणजे मॅक आणि लिनक्सवर कमांडने प्रोग्रॅम इन्स्टॉल करून देणारा पॅकेज मॅनेजर. त्याचा फॉर्म्युला म्हणजे रुबी भाषेतली एक लहानशी फाइल. सोर्स कुठून आणायचा, आधी काय काय हवं, बांधायचं कसं आणि बांधलेलं चालतं का, एवढंच तिच्यात असतं. रुबी येत नाही म्हणून कोणी फारसं अडत नाही. आपलं मशीन आपल्या नकळत काय काय पुरवत असतं ते लक्षात येत नाही, म्हणून अडतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडेल. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

सांगाडा मिळाला म्हणजे फॉर्म्युला झाला, असं समजणं

‘ब्रू क्रिएट’ या कमांडला सोर्सच्या टार्बॉलचा (सगळ्या फाइल बांधून दाबलेल्या गाठोड्याचा) पत्ता दिला की ती तो उतरवते, नाव आणि आवृत्ती पत्त्यावरून ओळखते, चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) काढते आणि एडिटरमध्ये तयार सांगाडा उघडून देते. इथवर छान. पण बिल्ड, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणं, कोणत्या पद्धतीचा आहे हे तुम्ही सांगितलं नाही, तर सांगाड्यात ‘कॉन्फिगर’ची ओळ चालू आणि सीमेकची ओळ कॉमेंटमध्ये अशी खिचडी मिळते. प्रोजेक्ट सीमेकचा असेल तर पहिल्याच पायरीला ‘कॉन्फिगर’ नावाची फाइल नाही म्हणून रडगाणं सुरू. सीमेक, ऑटोटूल्स, मेसन, गो, रस्ट यांच्यासाठी वेगवेगळे पर्याय आहेत. क्रिएट करतानाच तो द्या. सांगाड्यातल्या सूचनांच्या कॉमेंटही काढून टाका, नाहीतर फॉर्म्युला तपासणारं ‘ब्रू ऑडिट’ त्यांच्यावरच बोट ठेवतं.

दुसरी गोष्ट जागेची. फेब्रुवारी २०२३ मध्ये होमब्रू ४.० आलं तेव्हापासून मुख्य भांडाराची, म्हणजे होमब्रू-कोअरची, प्रत आपोआप तुमच्या डिस्कवर येत नाही. माहिती एपीआयवरून, म्हणजे होमब्रूच्या सर्व्हरला विचारून, घेतली जाते. त्यामुळे कोअरमधला एखादा फॉर्म्युला हौसेने टॅप करून (भांडाराची प्रत डिस्कवर आणून), बदलून इन्स्टॉल केला तरी होमब्रू तुमच्या बदलाकडे ढुंकूनही पाहत नाही, एपीआयवरचीच प्रत वापरतं. मग माणूस तीच ओळ पाच वेळा बदलतो आणि प्रत्येक वेळी तोच निकाल. तिथे ‘होमब्रू नो इन्स्टॉल फ्रॉम एपीआय’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी कॅपिटल अक्षरं, मधे अंडरस्कोअर) सेट करावा लागतो. नवीन फॉर्म्युल्यासाठी मात्र या भानगडीत पडूच नका. ‘ब्रू टॅप-न्यू’ने स्वतःचा टॅप, म्हणजे फॉर्म्युल्यांचं स्वतःचं भांडार, काढा आणि ‘ब्रू क्रिएट’ला त्याचं नाव द्या.

नावांचं थोडक्यात: फाइलच्या नावात डॅश असेल तर क्लासच्या नावात तो जातो आणि पुढचं अक्षर कॅपिटल होतं. ‘ॲट’च्या चिन्हाऐवजी क्लासमध्ये कॅपिटल ए आणि टी लिहितात. हे जुळलं नाही तर फॉर्म्युला वाचलाच जात नाही, त्यामुळे ही चूक लपून राहत नाही.

गिटहबने बांधून दिलेल्या टार्बॉलवर आंधळा विश्वास

गिटहबवर प्रत्येक टॅगसाठी ‘सोर्स कोड’ नावाचा टार्बॉल आपोआप मिळतो. तो सोयीचा आहे, पण त्याच्या तीन खोड्या माहीत हव्यात.

त्यात गिटचे सबमॉड्यूल (दुसऱ्या प्रोजेक्टमधून जोडून घेतलेला कोड) नसतात. फोल्डर दिसतो, आत शुकशुकाट. त्यात गिटचा इतिहासही नसतो, म्हणून जे प्रोजेक्ट बिल्डच्या वेळी गिटला विचारून स्वतःची आवृत्ती ठरवतात त्यांची फजिती होते. आणि ऑटोटूल्सच्या प्रोजेक्टमध्ये तयार ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट बहुधा नसते. ती ‘ऑटोरीकॉन्फ’ने आधी तयार करावी लागते, म्हणजे ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल या बिल्डच्या डिपेंडन्सी (आधी लागणारी पॅकेजं) वाढल्या. लेखकाने रिलीजच्या पानावर स्वतः बांधलेला टार्बॉल ठेवला असेल तर तोच घ्या; सबमॉड्यूलचा कोड, ठरलेली आवृत्ती आणि तयार ‘कॉन्फिगर’ सहसा त्यात असतात.

चेकसमचं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. जानेवारी २०२३ च्या अखेरीस गिटहबने गिटची नवी आवृत्ती चढवली. टार्बॉल दाबण्यासाठी ती बाहेरच्या जीझिपऐवजी स्वतःचाच कोड वापरत होती. आतल्या फाइल अगदी त्याच, पण दाबलेल्या टार्बॉलचे बाइट वेगळे. अनेक पॅकेज मॅनेजरांचे बिल्ड चेकसम जुळेना म्हणून कोसळले आणि गिटहबला बदल मागे घ्यावा लागला. म्हणून चेकसम जुळत नसेल तर प्रत्येक वेळी कोणी घुसखोरी केली असं नसतं. पण टर्मिनलवर आलेला नवा आकडा डोळे मिटून फॉर्म्युल्यात चिकटवणं ही सगळ्यात वाईट सवय. आधी तो टार्बॉल स्वतः उतरवून उघडा. पुष्कळदा ६४ अक्षरांच्या त्या आकड्यामागे एरर दाखवणारं एक एचटीएमएल पानच असतं.

न सांगितलेल्या डिपेंडन्सी

हा सगळ्यात मोठा खड्डा, आणि माझ्या पीएनजीची गोष्टही यातलीच.

बिल्ड करताना होमब्रू तुमच्या शेलचं वातावरण बाजूला ठेवतं आणि स्वतःचं स्वच्छ वातावरण उभं करतं. याला सुपरएन्व्ह म्हणतात. तुमचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी) त्यात जात नाही, तुमचे बहुतेक व्हेरिएबलही जात नाहीत. म्हणून टर्मिनलमध्ये हाताने ‘मेक’ केलं की सगळं होतं आणि होमब्रूतून केलं की ‘पीकेजी-कॉन्फिग सापडत नाही’ असा एरर येतो. टूल मशीनवर आहे, पण फॉर्म्युल्याने मागितलं नाही म्हणून त्याला दाखवलं गेलं नाही. उपाय सरळ: ‘डिपेंड्स ऑन’मध्ये ते लिहा आणि पुढे ‘बिल्ड’ची खूण करा. (होमब्रूत हे काम आता पीकेजीकॉन्फ नावाचं पॅकेज करतं.)

पण या पहाऱ्याला एक भोक आहे. होमब्रूच्या मुख्य फोल्डरात लिंक झालेल्या लायब्ररी आणि त्यांच्या हेडर फाइल मात्र कंपाइलरला दिसत राहतात, तुम्ही मागितल्या असोत वा नसोत. टूलवर पहारा कडक, लायब्ररीवर ढिला. त्यात पुष्कळ ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट संधिसाधू असतात: लायब्ररी दिसली तर ती सुविधा चालू, नाही दिसली तर गुपचूप बंद. माझ्याकडे दिसली, सहकाऱ्याकडे नाही. एरर येणार तरी कुठून?

याला दोन बाजूंनी आवर घालावा लागतो. बिल्डनंतर ‘ब्रू लिंकेज’ चालवा. तयार बायनरी प्रत्यक्षात कोणकोणत्या लायब्ररींना जोडली गेली ते ती दाखवते, आणि न सांगता जोडलेल्या वेगळ्या काढून देते. मग ‘कॉन्फिगर’चं आउटपुट सावकाश वाचा. ‘चेकिंग फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळींमधला प्रत्येक ‘येस’ एक प्रश्न आहे: हे मला हवंय का? हवं असेल तर डिपेंडन्सी म्हणून लिहा. नको असेल तर त्या सुविधेला स्पष्ट ‘विदाउट’ किंवा ‘डिसेबल’ द्या. नशिबावर काही सोडू नका.

उलटी चूकही होते. फक्त बिल्डला लागणारं टूल ‘बिल्ड’ची खूण न करता लिहिलं की वापरणाऱ्या प्रत्येकाच्या डिस्कवर आख्खं सीमेक जाऊन बसतं. प्रोग्रॅम काही बिघडत नाही, पण लोक वैतागतात.

पक्के पत्ते कोरणं

इंटेलच्या मॅकवर होमब्रू ‘यूएसआर’खालच्या ‘लोकल’मध्ये राहतं. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते ‘ऑप्ट’खालच्या ‘होमब्रू’ फोल्डरात असतं. या मशीनना अधिकृत पाठिंबा फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.० बरोबर आला. लिनक्सवर तिसरीच जागा. जुन्या मेकफाइलमध्ये (‘मेक’ला कामं सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘यूएसआर-लोकल’ बिनदिक्कत कोरलेलं असतं. इंटेलवर ते खपून जायचं, कारण होमब्रूची जागा तीच आणि कंपाइलरही तिथे आपणहून शोधतो. नव्या मशीनवर पितळ उघडं पडतं: लायब्ररी सापडत नाही, किंवा ‘मेक इन्स्टॉल’ भलत्याच जागी लिहायला जातं आणि सँडबॉक्स, म्हणजे ठरलेल्या जागांबाहेर लिहू न देणारं होमब्रूचं कुंपण, त्याला अडवतं.

मेकफाइल प्रीफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं तो पत्ता) बाहेरून घेत असेल तर तो द्या. घेत नसेल तर ‘इनरिप्लेस’ने ती ओळ बदला. ‘इनरिप्लेस’चा एक गुण मला फार आवडतो: शोधलेली ओळ सापडली नाही तर तो गप्प बसत नाही, बिल्ड थांबवतो. पुढच्या आवृत्तीत लेखकाने मेकफाइल बदलली की तुम्हाला लगेच कळतं.

दुसऱ्या फॉर्म्युल्याचा पत्ता हवा असेल तेव्हा ‘प्रीफिक्स’ नको, ‘ऑप्ट-प्रीफिक्स’ घ्या. ‘प्रीफिक्स’मध्ये सेलरमधला (होमब्रू प्रत्येक आवृत्ती ठेवतं त्या फोल्डरातला) आवृत्तीच्या आकड्यासकट पत्ता येऊ शकतो. तो तुमच्या बायनरीत किंवा कॉन्फिग फाइलमध्ये कोरला गेला, की ती लायब्ररी अपग्रेड होऊन जुनी आवृत्ती साफ झाल्याबरोबर तुमचा प्रोग्रॅम मरतो. ‘ऑप्ट’चा पत्ता आवृत्ती बदलली तरी तोच राहतो.

शेवटचा एरर वाचणं

बिल्ड फसला की होमब्रू लॉगच्या शेवटच्या १५ ओळी दाखवतं. आपण त्यातली सगळ्यात खालची वाचतो. ती बहुधा ‘मेक’ची असते, ‘एरर २’ म्हणून. त्यातून कळतं एवढंच, की काहीतरी बिघडलं. ‘मेक’ एकाच वेळी अनेक कामं चालवतं, त्यामुळे खरा एरर पन्नास ओळी वर कुठेतरी, दुसऱ्या फाइलींच्या गोंगाटात असतो. पूर्ण लॉग उघडा आणि वरून खाली येताना पहिला ‘एरर’ शोधा. मॅकवर लॉग तुमच्या होम फोल्डरातल्या ‘लायब्ररी’खालच्या ‘लॉग्ज’मध्ये होमब्रूच्या फोल्डरात असतात, प्रत्येक पायरीची क्रमांक दिलेली वेगळी फाइल. ऑटोटूल्सचा ‘कॉन्फिग लॉग’ही तिथेच कॉपी होतो. ‘सी कंपाइलर एक्झिक्युटेबल बनवू शकत नाही’ या कुप्रसिद्ध एररचं खरं कारण त्याच फाइलमध्ये असतं, दुसरीकडे शोधू नका.

एकदा फसतो, एकदा चालतो, असं होत असेल तर मेकफाइलमध्ये कामांचा क्रम नीट सांगितलेला नाही. फॉर्म्युल्यात ‘एन्व्ह डीपॅरललाइझ’ लिहून कामं एकामागोमाग चालवा. जुना सीमेक प्रोजेक्ट सीमेक ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी सुसंगततेबद्दल तक्रार करून थांबला तर तो सीमेक ४ चा प्रताप: २०२५ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने तो आधार काढून टाकला. ‘सीमेक पॉलिसी व्हर्जन मिनिमम’ला ३.५ ही किंमत दिली की काम भागतं, पण खरा इलाज मूळ प्रोजेक्टमध्येच व्हायला हवा, तिथे कळवा.

आणि लॉगमधूनही काही उमगलं नाही, तर ‘ब्रू इन्स्टॉल’ला ‘इंटरॲक्टिव्ह’ पर्याय द्या. सोर्स उघडून, होमब्रूच्याच वातावरणात तुम्हाला शेल मिळतं. एकेक कमांड हाताने चालवून बघता येते. मला हे फार उशिरा कळलं. त्याआधी मी फॉर्म्युल्यात एक ओळ बदलायचो आणि सगळा बिल्ड पहिल्यापासून चालवायचो.

नावापुरती टेस्ट

टेस्टमध्ये ‘व्हर्जन’ विचारून आकडा जुळवणं म्हणजे हजेरी घेणं. माझा फॉर्म्युला त्या टेस्टमध्ये दोन्ही मशीनवर पास झाला असता. टूलला खरं काम द्या: एक छोटी पीएनजी फाइल द्या, आकार बदलायला लावा, निघालेली फाइल तपासा. लायब्ररी असेल तर तिला वापरणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम टेस्टमध्येच कंपाइल करून चालवा. टेस्ट चालताना होम फोल्डर तात्पुरता, रिकामा असतो. तुमच्या कॉन्फिग फाइलवर टूल गुपचूप अवलंबून असेल तर तेही तिथेच उघड होतं.

राहता राहिला ‘एम्प्टी इन्स्टॉलेशन’ हा एरर. बिल्ड सुरळीत झाला, ‘मेक इन्स्टॉल’ही तक्रार न करता संपलं, आणि होमब्रू म्हणतं, फोल्डर रिकामा आहे. बहुतेकदा मेकफाइलमधली इन्स्टॉलची पायरी बायनरी होमब्रूच्या प्रीफिक्समध्ये ठेवतच नाही. मग ‘बिन इन्स्टॉल’ने बायनरी स्वतः जागेवर ठेवायची. पण एक कारण असं आहे की ते कळल्यावर हसू येतं. मॅकची फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. सोर्समध्ये कॅपिटल अक्षरांतली ‘इन्स्टॉल’ नावाची सूचनांची फाइल असते. मेकफाइलमध्ये ‘इन्स्टॉल’ हे टार्गेट ‘फोनी’ (फाइलचं नव्हे, नुसतं कामाचं नाव) म्हणून घोषित केलेलं नसेल, तर ‘मेक’ला वाटतं की हवी ती फाइल आधीच तयार आहे. ‘इन्स्टॉल इज अप टू डेट’ म्हणून ते मोकळं होतं. ‘मेक इन्स्टॉल’च्या आधी फॉर्म्युल्यात ती सूचनांची फाइल हटवणारी एक ओळ घाला.