कडक फ्लेक तंबाखू : पाइप भरण्यापासून चव ओळखण्यापर्यंत

पाइपसाठीच्या तंबाखूंमध्ये फ्लेक हा प्रकार दिसायलाच वेगळा असतो. डबा उघडला की आत सुटी, कातरलेली तंबाखू दिसत नाही. एकदीड मिलिमीटर जाडीच्या, गडद तपकिरी, लांबट पट्ट्या एकावर एक रचून ठेवलेल्या दिसतात. देठ काढलेली पाने वाफेने मऊ करतात, थरावर थर देऊन दाबयंत्राखाली उष्णतेसह ठेवतात आणि त्यांची जी घट्ट वडी तयार होते ती धारदार पात्याने कापून या पट्ट्या काढतात. दाबामुळे निरनिराळ्या पानांचे रस एकमेकांत मुरतात, उष्णतेमुळे पानांतील साखरेचा रंग आणि गंध गडद होतो, आणि घट्टपणामुळे तंबाखू सावकाश जळते. या शेवटच्या गुणासाठीच फ्लेक घ्यायचा असतो. तो ओढणाऱ्याची निराशा झाली, तर त्यामागे बहुधा दोनच कारणे सापडतात : तंबाखू ओली असताना भरली गेली, किंवा ती घाईने ओढली गेली. पुढचे सारे विवेचन या दोन गोष्टी टाळण्याविषयी आहे.

कडक, म्हणजे निकोटिनचा जोर अधिक असलेल्या, फ्लेकचा विषय निघाला की इंग्लंडच्या वायव्येकडील केंडल या गावाचे नाव घ्यावेच लागते. सरोवरांच्या प्रदेशाच्या सीमेवरचे हे गाव आज कंब्रिया परगण्यात मोडते. १७९२ मध्ये थॉमस हॅरिसन यांनी ग्लासगोहून तपकीर दळण्याची यंत्रसामग्री येथे आणली आणि गावात तपकिरीचा व्यवसाय उभा राहिला. पुढे त्याच परंपरेतून सॅम्युअल गॅविथ आणि गॅविथ हॉगार्थ या दोन पेढ्या नावारूपाला आल्या. बराच काळ वेगवेगळ्या चाललेल्या या पेढ्या २०१५ मध्ये पुन्हा एक झाल्या. फुल व्हर्जिनिया फ्लेक, १७९२ फ्लेक, डार्क फ्लेक, एनरडेल फ्लेक ही त्यांची नावे पाइप ओढणाऱ्यांच्या तोंडी असतात. तपकिरीच्या धंद्यात सुगंधी अर्कांचा वापर नित्याचा होता आणि तीच सवय पाइपच्या तंबाखूतही उतरली. गुलाब, जिरेनियम, टोंका बी यांचा अत्तरासारखा वास असलेल्या या शैलीला ‘लेकलँड’ म्हणतात. हा वास पहिल्या भेटीत अनेकांना साबणाची आठवण करून देतो. तो न आवडणे यात काही उणेपणा नाही. परंतु कडकपणा आणि सुगंध या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे. डार्क फ्लेक बिनसुगंधीही मिळतो आणि केवळ पानाची चव जोखायची असेल तर तोच घ्यावा.

कडकपणा येतो तो पानातून आणि पान सुकवण्याच्या पद्धतीतून. व्हर्जिनिया जातीचे पान बंद खोलीत नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेने सुकवतात. त्यात साखर भरपूर राहते, त्यामुळे चव गोड आणि जराशी आंबूस लागते, आणि निकोटिनचा जोर सहसा मध्यम असतो. बर्ली हवेत सुकवतात. त्यात साखर फारशी उरत नाही, चव सुक्या मेव्याकडे झुकते आणि निकोटिन अधिक असते. गडद केंटकी हे पान तर लाकडाच्या धुमसत्या आगीवर धुरी देऊन सुकवलेले असते. त्याला धुराचा, चामड्याचा, कधी मातीचा वास येतो आणि कडक फ्लेकचा खरा दणका बहुतेक वेळा याच पानाचा असतो. अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या सेंट जेम्स भागात पिंपांमध्ये दाबून आंबवलेली पेरीक ही तंबाखू थोड्या प्रमाणात मिसळली, की मिरीसारखा तिखटपणा आणि मुरलेल्या फळांचा वास येतो. डब्यावर पानांची नावे दिलेली असतात. ती वाचण्याची सवय लावून घेतली, तर पाइप पेटवण्याआधीच काय पुढ्यात येणार आहे त्याचा निम्मा अंदाज बांधता येतो.

सिगारेट, विडी किंवा चिलीम यांची सवय असणाऱ्याने येथे एक गोष्ट मुळापासून बदलायला हवी. पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो. व्हर्जिनियाप्रधान सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही. हवेत किंवा धुरीवर सुकवलेल्या गडद पानांचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. म्हणजे धूर तोंडात घोळवून सोडून दिला तरी कडक फ्लेकचा अंमल पूर्ण चढतो, फक्त तो उशिरा जाणवतो. पंधरा-वीस मिनिटे काहीच होत नाही म्हणून झुरके वाढवणारा मनुष्य पुढच्या दहा मिनिटांत घामाघूम होतो.

याच संदर्भात आरोग्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. धूर छातीत न घेतल्याने पाइप निरुपद्रवी ठरत नाही. ओठ, तोंड, घसा आणि अन्ननलिका यांचा कर्करोग पाइपनेही होतो, निकोटिनचे व्यसन पाइपनेही जडते आणि धोका शून्य होईल असे कोणतेही प्रमाण नाही. जो मुळात धूम्रपान करत नाही, त्याने हे वाचून सुरुवात करू नये. हे मार्गदर्शन आधीपासून पाइप ओढणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी आहे. भारतात २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा पाइप घराच्या मोकळ्या गच्चीवर किंवा अंगणात, लहान मुलांपासून आणि न ओढणाऱ्यांपासून दूरच पेटवावा.

आता मुख्य काम, म्हणजे ओलावा. केंडलचा फ्लेक डब्यातून निघतो तेव्हा बहुधा इतका ओला असतो, की तसाच भरल्यास तो पुन्हा पुन्हा विझतो, तो पेटता ठेवण्यासाठी जोरजोरात ओढावे लागते आणि पाण्याची वाफ जिभेवर येऊन जीभ पोळते. म्हणून ओढायची तेवढीच पट्टी काढून कागदावर मोकळी पसरावी आणि थांबावे. किती वेळ थांबायचे हे हवेवर अवलंबून आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात अर्धा तास पुरेसा होतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवेतच इतकी आर्द्रता असते, की पट्टी रात्रभर ठेवूनही वाळत नाही, आणि तेव्हा ती मंद तापलेल्या दिव्याजवळ काही मिनिटे धरणे सोयीचे पडते. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. चिमटीत दाबून सोडल्यावर तंबाखू पुन्हा हलकेच उकलली पाहिजे. गोळा होऊन बसली तर ती ओली आहे आणि चुरा झाली तर प्रमाणापेक्षा अधिक वाळली आहे. वाळवताना डब्यातला वरवरचा सुगंध थोडा उडतो. उडू द्यावा. जो राहतो तो पानाचा असतो.

पट्टी भरण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे तळहातावर घेऊन अंगठ्याने मळणे. चुना लावून तंबाखू मळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही क्रिया शिकवावी लागत नाही, फक्त येथे तितका जोर द्यायचा नाही. धागे सुटे होईपर्यंत मळले की थांबावे, भुकटी होऊ देऊ नये. दुसरी रीत म्हणजे पट्टी लांबीत दुमडून, पुन्हा मध्यावर दुमडून, अलगद पिळून तशीच पाइपच्या वाटीत बसवणे आणि वर थोडी मळलेली तंबाखू पसरणे, म्हणजे पेटवायला सोपे जाते. मळलेली तंबाखू लवकर पेटते, एकसारखी जळते, पण तापतेही लवकर. दुमडलेली पट्टी पेटायला हट्टी असते, मात्र एकदा लागली की संथ आणि थंड जळते व निकोटिनही सावकाश सोडते. नवशिक्याने मळूनच भरावे, असे माझे मत आहे. दुमडून भरण्याची रीत अनुभवी लोक श्रेष्ठ मानतात आणि चवीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला पटते; परंतु आत हवेला वाट कितपत ठेवायची याचा अंदाज हाताला बसेपर्यंत ती केवळ काड्या संपवते.

भरताना तळाशी तंबाखू सैल सोडावी, मधे किंचित दाबावी, वर थोडी घट्ट करावी. पेटवण्यापूर्वी एक कोरा झुरका घ्यावा. हवा सहज येत नसेल तर सगळे बाहेर काढून पुन्हा भरावे, कारण घट्ट भरलेला पाइप पेटल्यानंतर सुधारत नाही. फ्लेक पेटताना फुगतो, म्हणून वाटी काठोकाठ भरू नये.

पाइपची निवड कडक फ्लेकच्या बाबतीत निर्णायक ठरते. लहान वाटीचा, अरुंद पोकळीचा, जाड भिंतींचा ब्रायर पाइप सर्वांत योग्य. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराच्या परिसरात वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ. ते लाकूड उष्णता सोसते आणि ओलावा शोषते. लहान वाटीमुळे मात्रा आपोआप मर्यादित राहते आणि कडक तंबाखूला मर्यादा असावीच लागते. तुर्कस्तानातील एस्किशेहिर येथे सापडणाऱ्या मऊ पांढऱ्या दगडाचा मीरशॉम पाइप वास धरून ठेवत नाही, त्यामुळे निरनिराळ्या फ्लेकची तुलना करण्यासाठी तो उत्तम. सुगंधी लेकलँड फ्लेकसाठी मात्र एक ब्रायर पाइप वेगळाच राखावा. तो वास लाकडात असा मुरतो, की त्याच पाइपमधून नंतर ओढलेल्या साध्या व्हर्जिनियालाही जिरेनियमचा गंध येत राहतो.

आगकाडी पेटवल्यावर तिच्या टोकावरचे गंधक जळून जाऊ द्यावे आणि मगच ज्योत तंबाखूवर गोल फिरवत छोटे झुरके घ्यावेत. पहिल्यांदा पेटवले की वरचा थर फुगून उठतो आणि बहुधा विझतो. हे अपेक्षितच आहे. टॅम्परने, म्हणजे वाटीतली तंबाखू दाबायच्या चपट्या दांडीने, तो थर हलक्या हाताने सपाट करावा आणि पुन्हा पेटवावे. ही दुसरी पेटवणीच खरी. यानंतरही पाइप तीन-चार वेळा विझला तर काळजीचे कारण नाही. पाइप विझू न देण्याचा हट्ट हाच फ्लेकचा शत्रू आहे, कारण त्या हट्टापायी माणूस इंजिनासारखा धूर काढू लागतो.

ओढण्याची गती श्वासाशी जुळवून घ्यावी. नाकाने नेहमीप्रमाणे श्वास चालू ठेवून, तोंडाने अगदी थोडी हवा पाइपमधून खेळवायची, इतकी थोडी की धूर जेमतेम दिसावा. पाइप गालाला लावून पाहावा. धरवत नसेल इतका गरम झाला असेल तर खाली ठेवून निवू द्यावा. धूर जिभेच्या टोकावर न घेता टाळूकडे वळवावा. चवीचा मोठा भाग वासातून कळतो, म्हणून तोंडातला थोडासा धूर नाकावाटे हळूच सोडल्यास बारकावे उघडतात. केंटकीचा धूर मात्र नाकाला झोंबतो, तेव्हा अगदी थोड्यापासून सुरुवात करावी.

चव वाटीच्या खोलीप्रमाणे बदलत जाते आणि फ्लेकचे कौतुक करायचे ते या बदलासाठी. वरच्या तिसऱ्या भागात डब्यातला सुगंध, गवताळ किंवा लिंबासारखा हलकेपणा पुढे असतो. मधल्या भागात पाने एक होतात. व्हर्जिनियात भाजलेल्या पावाची आणि मुरलेल्या फळांची गोडी येते, केंटकीत धूर आणि चामडे. शेवटच्या भागात तेल आणि निकोटिन साचलेले असते, चव जड होते, कडवटपणाकडे झुकते. तळापर्यंत पोचलेच पाहिजे असा नियम नाही. चव गढूळ झाली की थांबणे हा जाणकारपणाचा भाग आहे. एकच फ्लेक सलग काही वेळा, त्याच पाइपमध्ये, जेवणानंतर, सोबत साधे पाणी किंवा बिनसाखरेचा काळा चहा घेऊन ओढल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये. दोन ओळींची नोंद ठेवली तर पुढच्या वेळी तुलना करता येते.

उपाशीपोटी कडक फ्लेक कधीही ओढू नये. उचकी लागणे, तोंडाला पाणी सुटणे, कपाळावर गार घाम येणे, मळमळणे, गरगरणे ही निकोटिन अधिक झाल्याची लक्षणे आहेत. पहिले लक्षण दिसताच पाइप बाजूला ठेवावा, मोकळ्या हवेत बसून राहावे, पाणी प्यावे. साखरेचा खडा चघळल्याने अनेकांना आराम वाटतो. लक्षणे सहसा काही वेळात ओसरतात. उलट्या थांबेनात, छातीत धडधड वाढली किंवा शुद्ध हरपू लागली, तर डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

ओढून झाल्यावर पाइप पूर्ण गार होऊ द्यावा. गरम असताना तोंडात धरायची दांडी वाटीपासून उपसली तर सांधा सैल होतो किंवा तुटतो. राख झाडून दांडीतून पाइप क्लीनर फिरवावा आणि त्या पाइपला एक दिवस तरी विश्रांती द्यावी. वाटीच्या आत कोळशाचा पातळ थर जमतो तो लाकडाचे रक्षण करतो. तो नाण्याच्या जाडीपेक्षा वाढला, तर खरवडून कमी करावा, कारण जाड थर तापून फुगला की वाटीला तडा जातो.

उरलेला फ्लेक डबा उघडल्यानंतर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा आणि बरणीवर तारीख लिहावी. व्हर्जिनियाप्रधान फ्लेक बंद बरणीत वर्षानुवर्षे मुरतो. त्याचा तिखटपणा उतरतो आणि गोडी खोल होते, म्हणून आवडलेल्या फ्लेकचे दोन डबे घेऊन एक तसाच राखून ठेवणे शहाणपणाचे. जुन्या पट्ट्यांवर कधी बारीक पांढरे, चमकदार कण दिसतात. ते स्फटिक आहेत आणि त्यांनी काही बिघडत नाही. पांढरे मात्र केसाळ, कापसासारखे दिसत असेल आणि बरणी उघडताच कुबट वास येत असेल, तर ती बुरशी आहे; अशी तंबाखू वरची पट्टी काढून वापरण्याचा मोह न धरता सगळीच टाकून द्यावी आणि बरणी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावी.