रोमान्स कादंबरी लिहिताय? आधी त्या दोघांमधला अडसर पक्का करा

रोमान्स लिहायला घेतली की बहुतेक जण हिरो-हिरोईन भेटतात कसे यावरच डोकं खपवतात, पावसात भेटले की लिफ्टमध्ये अडकले की एकमेकांवर आदळले. भेट कशीही होऊ दे. खरा प्रश्न पुढचा आहे: दोघं एकमेकांना आवडतात हे आम्हाला दिसतंय, मग तीनशे पानं एकत्र का येत नाहीत? याचं उत्तर दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर पहिलं प्रकरण सुरूच करू नका.

आणि ते उत्तर गैरसमज हे नको. तिनं त्याला एका मुलीबरोबर बघितलं, ती त्याची बहीण निघाली, मधल्या काळात हिनं फोनच उचलला नाही, असलं काही नको. एका फोनवर मिटणारं भांडण अर्धं पुस्तक ताणलं की वाचक वैतागतो आणि त्याचं बरोबरच आहे. अडसर दोघांच्या स्वभावातून आला पाहिजे.

उदाहरणच घेऊ. मुक्ताचे वडील सगळ्यांकडून उसने घेत राहिले, वसुलीला आलेली माणसं दारात उभी असायची, ते बघत ती मोठी झाली. त्यामुळे आता ती कुणाचंच काही घेत नाही. समीरला प्रेम दाखवायची एकच रीत येते, समोरच्याचं अडलेलं काम न सांगता करून टाकायचं. तो मदत करतो, तिला ती उधारी वाटते, ती लांब जाते, तो घाबरून अजून मदत करतो. बघा, व्हिलन नाही, गैरसमज नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तरी एकमेकांना दुखावतायत. नुसतं बोलून हे सुटणार नाही, कारण बदलावं दोघांनाही लागणार. शेवटही यातूनच मिळतो: एकदा तरी त्याला हात आवरून नुसतं शेजारी बसावं लागेल, आणि तिला स्वतःहून मदत मागावी लागेल.

आता हेच सीनमध्ये कसं उतरवायचं. समीरनं तिच्या लॅपटॉपच्या रिपेअरचं बिल परस्पर भरलंय. कच्च्या ड्राफ्टमध्ये आपण लिहितो, "मुक्ताला राग आला, पण त्याला बघून तिचं काळीज धडधडायला लागलं." यात मुक्ता कुठेच नाही, हे कुणाबद्दलही लिहिता येईल. त्याऐवजी: "तिनं पैशांचं पाकीट टेबलावर ठेवलं. 'मोजून घे.' त्यानं न मोजताच खिशात टाकलं. 'मोज ना,' ती म्हणाली, आणि आवाज चढला म्हणून तिलाच कसंतरी झालं." राग हा शब्दही नाही, पण तिची जखम दिसते, त्याचा विश्वास दिसतो, आणि नेमका तो विश्वासच तिला झेपत नाही हेही दिसतं.

सीन कुणाच्या नजरेतून लिहायचा असं बरेच जण विचारतात. त्या सीनमध्ये ज्याचं जास्त पणाला लागलंय त्याच्या. एकाच परिच्छेदात दोघांच्या डोक्यात उड्या मारू नका, वाचक धड कुणाचाच राहत नाही. जवळिकीच्या सीनचंही तसंच, किती मोकळं लिहायचं ते सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. सीननंतर दोघांत काहीतरी बदललं पाहिजे, काढून टाकला तरी काही अडत नसेल तर काढाच.

साधारण पाऊण पुस्तकावर सगळं तुटल्यासारखं वाटायची जागा येते. तिथे अपघात, जुनी प्रेयसी, परदेशातली नोकरी असलं बाहेरून काही आणू नका, तीच जुनी जखम पुन्हा उघडू द्या.

शेवटाबाबत मी हट्टी आहे. प्रेमकथा मध्यभागी आणि शेवट समाधानाचा, आशेचा, एवढं वचन या प्रकारात वाचकाला दिलेलं असतं. लग्नच झालं पाहिजे असं नाही, पण दोघं एकत्र हवेत. शेवटी एकाला मारायचंच असेल तर जरूर मारा, चांगली प्रेमकहाणी होईल, फक्त ती रोमान्स म्हणून विकू नका.

लांबीचं थोडक्यात: प्रकाशकांच्या ठरावीक मालिकांमधली छोटी पुस्तकं साधारण 50,000 शब्दांची असतात, स्वतंत्र कादंबरी बहुधा 70,000 ते 90,000. पाठवण्याआधी प्रत्येक प्रकाशकाचे नियम वाचा, आणि सारांशात शेवट लपवू नका, संपादकाला तो कळायलाच हवा. करार हातात आला की ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे जातायत आणि पुस्तक बाजारातून गेल्यावर हक्क परत कधी मिळतात, हे बघितल्याशिवाय सही करू नका.

पुस्तक स्वतःच काढायचं असेल तर अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, लेखकानं स्वतः पुस्तक प्रकाशित करायची सेवा) ईबुकला 35 किंवा 70 टक्के रॉयल्टीचे पर्याय असतात, 70 साठी किंमत त्यांनी ठरवलेल्या मर्यादेत हवी आणि बाकीच्या अटीही असतात. केडीपी सिलेक्ट या त्यांच्या ऐच्छिक योजनेत टाकलंत तर 90 दिवस ते ईबुक दुसऱ्या दुकानात देता येत नाही, स्वतःच्या साइटवरही नाही, आणि मुदत आपोआप वाढते, म्हणून आपोआप वाढीच्या पर्यायावर खूण आहे का ते आधीच तपासा. पैसे घालायचे तर संपादन आणि कव्हरवर घाला. कव्हर आवडलं की नाही हे मित्रांना विचारू नका, त्याच प्रकारातल्या खपणाऱ्या पुस्तकांशेजारी ते लहान करून ठेवा आणि बघा, एका नजरेत रोमान्स वाटतं का.

आणि पहिलं पुस्तक लिहितानाच एखादं दुय्यम पात्र जरा जास्त जीव लावून लिहा, मुक्ताची ती फटकळ मैत्रीण म्हणा. वाचक तिची गोष्ट मागतील. दुसरं पुस्तक तिचं करा आणि त्याचं पहिलं प्रकरण पहिल्या पुस्तकाच्या शेवटी जोडून द्या.