आधी घर ऐका: ऑनलाइन मैफलीसाठी घरच्या घरी पियानो रेकॉर्ड करताना

आमचा बारा जणांचा गट आहे. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, एक जण सावद्याला केळीच्या वखारीवर बसतो. सगळे नोकरी-धंदा सांभाळून पियानो शिकलेले. दर तीन महिन्यांनी आमची ऑनलाइन मैफल असते. प्रत्येकानं एक पीस घरी रेकॉर्ड करून पाठवायचा आणि ठरलेल्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी ते ओळीनं ऐकायचे. मी आजवर चौदा रेकॉर्डिंग पाठवली. गटात नवीन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, "ताई, माइक कोणता घेऊ?" माझं उत्तरही तेच असतं. माइकचं नंतर बघू, आधी घर ऐका.

घर ऐकायचं म्हणजे असं. पियानोसमोर बसा, हात मांडीवर ठेवा आणि पाच मिनिटं काहीही न वाजवता मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. मग हेडफोन लावून ते ऐका. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा फ्रिजची घरघर ऐकू आली, ट्यूबलाइटच्या चोकचा बारीक सूर, जिन्याखालचा इन्व्हर्टर, खिडकीच्या गजावरची कबुतरं आणि या सगळ्यांच्या तळाशी दूर यार्डात चाललेलं शंटिंग. आपला कान रोजचे आवाज गाळून टाकतो. माइक काहीच गाळत नाही.

माझं घर भुसावळला, रुळांपासून जेमतेम दीड किलोमीटरवर. इथे गाड्यांची ये-जा रात्रीही बंद नसते आणि वेळापत्रक पाहून उपयोग नाही, कारण मालगाड्या त्यात नसतात. म्हणून मी आठवडाभर वही घेऊन गच्चीवर बसले आणि भोंग्यांच्या वेळा टिपल्या. पहाटे पावणेपाच ते सव्वापाच हा अर्धा तास सात दिवसांपैकी पाच दिवस मोकळा निघाला. त्यानंतर दूधवाला, देवळातला लाउडस्पीकर, मग घंटागाडी. तेव्हापासून माझी सगळी रेकॉर्डिंग त्या अर्ध्या तासात होतात. तुमची वेळ वेगळी असेल. सावद्याच्या मित्राकडे पहाटे केळीचे ट्रक भरायचं काम जोरात असतं, तो मे महिन्यात भर दुपारी अडीचला वाजवतो. पारा ४४-४५ वर गेला की रस्त्यावर चिटपाखरू नसतं, फेरीवालासुद्धा सावलीला बसलेला असतो. तो अर्धा तास आधी कुलर लावून खोली गार करतो, मग कुलर आणि पंखा दोन्ही बंद करून एक टेक घेतो. शेजारी घाम पुसायला टॉवेल. ओल्या बोटाखालून काळी पट्टी सटकते, म्हणून हा टॉवेल विसरू नका.

फ्रिज बंद करताना मी स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवते. बाहेर पडायच्या वेळी चावी शोधताना फ्रिज चालू करायचं आपोआप आठवतं. एकदा चावी न ठेवता फ्रिज बंद केला होता, तेव्हा दोन लिटर दूध आणि आठवड्याचं विरजण गेलं.

आता खोली. आपल्या स्लॅबच्या घरात फरशी गुळगुळीत, भिंती समोरासमोर आणि सामान कमी. अशा खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली, तर आवाज दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा उसळतो आहे. त्यासाठी महागडे फोमचे चौकोन आणू नका. घरात गोधड्या असतात. आजीच्या हातची, चार-पाच लुगड्यांचे थर घातलेली जाड गोधडी दोरीवर टाकून पियानोच्या समोरच्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. अंतर महत्त्वाचं आहे. भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा वीतभर पुढे टांगलेली गोधडी आवाज जास्त पिते. पियानोखाली सतरंजी. एवढ्यावर माझी शेपटी गेली. सगळी खोली गोधड्यांनी भरू नका, नाहीतर पियानो कपाटात कोंडल्यासारखा वाजतो. गटातल्या एकीचं यावल तालुक्यात जुनं धाब्याचं घर आहे, मातीच्या दोन हात जाड भिंती, वर सागाची पाटं आणि माती. तिला काहीच टांगावं लागत नाही. गटात सगळ्यात सुंदर आवाज तिच्या खोलीचा आहे, आणि ती मोबाइलच्या शेजारी एक साधा छोटा रेकॉर्डर ठेवते, बस.

खोलीचं आणखी एक काम उरतं आणि ते जवळजवळ सगळेच विसरतात. सगळ्यात खालच्या पट्टीपासून सुरुवात करा आणि ८८ पट्ट्या एकेक करून, जोरात, सावकाश वाजवत वर जा. प्रत्येक सुरानंतर थांबून ऐका. माझ्या तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी झणझण येत होती. मला वाटलं तार गेली. मग असं एकेक सूर वाजवत गेले तेव्हा कळलं, मधल्या 'सी'च्या खालच्या सप्तकातला बी फ्लॅट दाबला की माळ्यावरचा पितळी डबा बोलतो. फक्त त्याच सुराला. शेजारचा 'ए' वाजवला तर गप्प, 'बी' वाजवला तर गप्प. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि तो सूर मिळाला की ती थरथरते. डब्याखाली घडी केलेला पंचा ठेवला आणि झणझण थांबली. शोकेसच्या काचा, भिंतीवरच्या तसबिरी, कपाटाच्या कडीत लटकलेलं कुलूप, सगळे असे बोलतात.

पियानोबद्दल थोडंसं. माझा अपराइट, म्हणजे उभा पियानो, एका निवृत्त रेल्वे ड्रायव्हरच्या घरातून आठ जणांनी लोटगाडीवर घालून आणलेला. त्यात दोनशेहून जास्त तारा आहेत, त्या साउंडबोर्डावर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीवर, टेकलेल्या, आणि लाकूड हवेतला ओलावा पितं. पावसाळ्यात बोर्ड फुगतो, मधल्या सप्तकांतले सूर चढतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तेच सूर उतरतात. खान्देशात मे आणि जुलै यांच्यात हवेचा एवढा फरक पडतो की वर्षातून एकदा ट्यूनिंग करून भागत नाही. ट्यूनर बाहेरगावाहून येणार असेल तर त्याला रेकॉर्डिंगच्या चार-पाच दिवस आधी बोलवा आणि सांगा की 'ए' हा सूर ४४० हर्ट्झवर हवा. कुलरचा झोत पियानोवर कधीही सोडू नका. डिजिटल पियानोवाल्यांना ही चिंता नाही. त्यांनी लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जॅकमधून, थेट रेकॉर्ड करावं, किंवा मॉडेलमध्ये सोय असेल तर पेनड्राइव्हवर वेव्ह फाइल घ्यावी. मग गाडीचा भोंगासुद्धा त्यात येणार नाही.

अपराइटवाल्यांनी मात्र स्वतःचेही आवाज शोधावेत. स्टुलाची करकर स्क्रू आवळून जाते. पेडल सोडताना 'धप्' होतं, ते पाय पेडलवरून न उचलता, चिकटून वर आणायची सवय लावली की कमी होतं. आणि बांगड्या. भाच्याच्या लग्नानंतर हातात डझनभर काचेच्या बांगड्या होत्या आणि मी तशीच बसले. वाजवताना मला काही जाणवलं नाही. नंतर ऐकलं तर डाव्या हाताच्या प्रत्येक उडीला किणकिण, अगदी लयीत. काढायच्या नसतील तर त्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधा. मंगळसूत्र पदरात किंवा ओढणीत खोचा, पुढे वाकलं की वाट्या लाकडावर आपटतात.

आता माइक. मोबाइलचा कॅमेरा चालू केला की त्याचा माइक आपल्या सोयीसाठी एक गोष्ट करतो: हळू आवाज वर उचलतो आणि मोठा आवाज खाली दाबतो. बोलण्यासाठी हे ठीक आहे. पियानोचा मात्र त्यानं जीव जातो. इसवी सन १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हे वाद्य केलं, तेव्हा त्याच्या नावातच 'पियानो ए फोर्ते' होतं, म्हणजे हळू आणि जोरात. बोटाच्या दाबानुसार आवाज कमी-जास्त होणं हेच त्याचं वैशिष्ट्य, आणि मोबाइल तेवढंच पुसून टाकतो. तुम्ही महिनाभर घासलेला हळुवार शेवट रेकॉर्डिंगमध्ये मधल्या भागाइतकाच मोठा येतो. म्हणून चित्र मोबाइलवर घ्या आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. झूम एच-वन-एनसारखा, बॅटरीवर चालणारा, दोन माइकचा छोटा रेकॉर्डर पुरतो. बॅटरीवर चालतो म्हणून घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुणही त्यात तारेवाटे येत नाही. त्यातलं 'ऑटो लेव्हल' बंद करा, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट ठेवा. मग तुमच्या पीसमधला सगळ्यात जोरकस भाग, मैफलीत वाजवाल तेवढ्या जोरानं वाजवा. रेकॉर्डरच्या पडद्यावरची आवाजाची पातळी उणे दहा डेसिबलच्या आसपास राहील असं बटण फिरवा. प्रत्यक्ष टेकमध्ये हात नेहमीपेक्षा जोरात पडतो, त्याला ही जागा लागते. एकदा लेव्हल लावली की शेवटच्या टेकपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

जागेचं सांगते. अपराइट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि वरचं झाकण उघडा. रेकॉर्डर स्टँडवर, वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागे, साधारण तीन-चार फुटांवर, जमिनीपासून पाच फूट उंच. इथून सुरुवात करा, मग अर्धा-अर्धा फूट हलवत तेच चार बार (बार म्हणजे स्वरलिपीतला दोन उभ्या रेघांमधला भाग) वाजवून ऐका. जवळ गेलात की हातोड्यांची खटखट वाढते, लांब गेलात की खोलीच जास्त ऐकू येते. पसंत पडेल तिथे स्टँडच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा करा. स्टुलाच्याही. माझ्या खुणा चार वर्षं जुन्या आहेत, फरशी पुसली की मी त्या पुन्हा गिरवते.

चित्रासाठी फार वेळ घालवू नका. मोबाइल आडवा, उजव्या बाजूनं, पट्ट्यांपेक्षा थोडा उंच, दोन्ही हात आणि चेहऱ्याची बाजू दिसेल असा. एअरप्लेन मोड लावा आणि जागा मोकळी आहे का ते पाहा, पाच मिनिटांचा व्हिडिओ सहज अर्धा जीबी खातो.

आता वाजवणं, आणि इथे मी जरा आग्रही आहे. पहिल्या वर्षी मी एका पीसचे एकेचाळीस टेक घेतले होते. एक सूर चुकला की थांब, पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवसांनी हाताला सुरुवातीचे आठ बार उत्तम येत होते आणि शेवटचं पान मी विसरत चालले होते. आता माझा नियम तीन टेकचा आहे. आदल्या रात्री सगळं मांडून ठेवायचं. सकाळी आंघोळ करून, मैफलीला घालाल ते कपडे घालायचे. दहा मिनिटं हात गरम करायला सावकाश स्केल्स, पण तो पीस वाजवायचा नाही. मग दोन्ही यंत्रं चालू करायची, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, हात मांडीवर ठेवून मनात पहिले दोन बार पूर्ण गायचे आणि सुरू करायचं. चुकलं तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. तीन टेक झाले की झाकण बंद. तिसरा टेक बहुतेक वेळा चांगला असतो, कारण पुढचा मिळणार नाही हे बोटांना माहीत असतं.

शेवटचा सूर वाजल्यावर पेडल धरून बसा. सूर विरत जाऊ द्या, पूर्ण विरला की मनात पाच आकडे मोजा, मगच पाय सोडा. गटातली निम्मी रेकॉर्डिंग मला इथे टोचतात: सूर अजून जिवंत असतो आणि हात कॅमेरा बंद करायला निघालेला असतो.

त्याच दिवशी ऐकू नका. दोन दिवसांनी, डोळे मिटून, व्हिडिओ न बघता तिन्ही टेक ऐका आणि चुका मोजू नका. कोणत्या टेकमध्ये पीस एका श्वासात गेला, तो निवडा. माझ्या गेल्या वेळच्या टेकमध्ये दोन सूर स्पष्ट चुकलेले आहेत, तरी तोच पाठवला, कारण मधल्या भागातून परत येताना लय जशी हवी तशी सैलावली होती. दोन टेक कापून जोडायचे का, हा प्रश्न नेहमी येतो. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गुल्ड यानं १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढे टेप कापून-जोडून केलेल्या रेकॉर्डिंगची उघड बाजू घेतली. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तो रेकॉर्ड बनवत होता आणि आपण मैफल पाठवतो आहोत. सुरुवात आणि शेवट कापा, मधलं जसं आहे तसं राहू द्या. तुमच्या संयोजकांचा नियम वेगळा असेल तर त्यांना आधीच विचारा.

जुळवणी सोपी आहे. व्हिडिओ एडिटरमध्ये रेकॉर्डरचा आवाज टाका, आवाजाच्या आलेखातला टाळीचा उंच काटा आणि तळवे भिडतानाची फ्रेम एका रेषेत आणा, मोबाइलचा आवाज बंद करा. शेवटचा सूर पाहून तिथेही हात आणि आवाज जुळतात का ते तपासा. 'नॉइज रिडक्शन' वापरायचा मोह होईल, नको. त्यानं सुरांच्या शेपट्या पाण्याखालून आल्यासारख्या होतात. दूर गेलेली मालगाडी मागे थोडी ऐकू आली तर येऊ द्या.

फाइल व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान करतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. आणि संयोजकांना पाठवण्याआधी ती लिंक घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. माझी लिंक मी सासूबाईंच्या फोनवर उघडते. त्या चष्मा लावून शेवटपर्यंत बघतात, आणि सूर विरेपर्यंत फोन खाली ठेवत नाहीत.