सेक्स्टंट शिकताय? मग या चुका तरी टाळा

सोलापुरात समुद्र कुठला, असं मला आता कुणी विचारत नाही. दर हिवाळ्यात मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी चार-पाच पोरं सेक्स्टंट शिकायला आमच्या गच्चीवर येतात. सेक्स्टंट म्हणजे सूर्य-तारे क्षितिजापासून किती अंश वर आहेत ते मोजायचं यंत्र, त्यावरून गणित करून आपली जागा काढायची. पोरं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र जुन्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे आधी मोबाइल बघणं. परवा एकजण नाचतच आला. "काका, मोबाइल अक्षांश सतरा अंश चाळीस कला म्हणतो, माझं सतरा एक्केचाळीस आलं!" म्हटलं, वही दाखव. वहीत तीन वाचनं खोडलेली. मागून त्याच्या मित्राचा आवाज आधीच ऐकला होता मी, "सोड की बे, जीपीएस बघून जुळवून टाक." उत्तर आधी बघून गणित सोडवायचं असेल तर सेक्स्टंट तरी कशाला, कुकरची शिटीसुद्धा चालेल.

यावर मी जास्त बोलू नये, कारण हे पाप मी स्वतः केलंय. १९९८ साली हिंदी महासागरात होतो, जहाजावर थर्ड मेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी. जीपीएस नुकतं घरचं झालेलं. पहाटेच्या गारठ्यात विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर, उभं राहून सेक्स्टंटमध्ये तारे धरायचा मला कंटाळा. मग मी जीपीएसची जागा घ्यायचो, अल्मनॅक, म्हणजे सूर्य-ताऱ्यांच्या जागांचं वार्षिक कोष्टक, उघडायचो आणि उलटं गणित करून त्या जागेवरून ताऱ्यांची उंची किती दिसायला हवी ते काढायचो. त्यात अर्ध्या-पाऊण कलेची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चूक मुद्दाम मिसळायची, म्हणजे खरं वाटतं. साइट बुकात, म्हणजे अशा निरीक्षणांच्या (साइटच्या) वहीत, नोंद झकास. कॅप्टन मालवणकडचे, कमी बोलणारे. एका रात्री त्यांनी चीफ ऑफिसरला सांगून जीपीएस रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये २० मैलांचा ऑफसेट टाकून ठेवला, म्हणजे यंत्र जागा तेवढी सरकवून दाखवणार. आजूबाजूला शेकडो मैल मोकळं पाणी, धोका काही नव्हता. सकाळी मी पाच ताऱ्यांचा फिक्स, म्हणजे त्यांवरून काढलेली जागा, घेऊन गेलो. चुकीच्या जागेपासून अर्ध्या मैलावर, अगदी सुबक! त्यांनी चार्टकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आज तारे पण सरकले वाटतं." त्यानंतर बंदर येईपर्यंत रोज पहाटे आणि संध्याकाळी ते स्वतः माझ्या शेजारी उभे.

हा नुसता लाज वाटण्याचा विषय नाही. १० जून १९९५ ला 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली होती. यंत्र गुपचूप अंदाजी गणितावर गेलं आणि तब्बल दीड दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. जहाज ठरल्या मार्गापासून सुमारे १७ मैल बाजूला होतं. दुसऱ्या कुठल्याही साधनानं जागा ताडून पाहिली असती तर कळलं असतं. पण ते साधन पहिल्याच्या तोंडाकडे बघून बोलणारं नको. माझी सवय सांगतो: फोन खाली स्वयंपाकघरात ठेवून यायचं. वहीत पेननं लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे.

आता गच्चीवरची खास सोलापुरी चूक. इथे क्षितिज म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे टॉवर, त्यामुळे आम्ही परातीत काकवी ओततो. साखर कारखान्यांचा जिल्हा, काकवीला तोटा नाही. काळी, जड, वाऱ्यानं पाण्यासारखी थरथरत नाही. आकाशातला सूर्य आणि काकवीतला सूर्य एकावर एक आणायचे, इंडेक्स एरर, म्हणजे यंत्राची स्वतःची शून्याची चूक, काढायची आणि मग कोन निम्मा करायचा, कारण अशी उंची दुप्पट मोजली जाते. आधी निम्मा करून नंतर एरर काढली की तिथेच फसलात. दोन्ही बिंबं तंतोतंत जुळवली तर बिंबाच्या कडेवरून मोजताना लागणारी अर्धव्यासाच्या दुरुस्तीची भानगडही राहत नाही.

पण जहाजावरच्या पुस्तकातून घोकून आलेली पोरं इथेही 'डिप' वजा करतात. डिप ही उंचीवरून समुद्राचं क्षितिज खाली दिसतं त्याची दुरुस्ती. परातीला कसलं आलंय क्षितिज? एका पठ्ठ्यानं तर सूत्रात सोलापूरची समुद्रसपाटीपासूनची उंची घातली, साधारण ४५० मीटर. १.७६ गुणिले उंचीचं वर्गमूळ, म्हणजे ३७ कला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. डिसेंबरातल्या दुपारच्या साइटवरून त्याचा अक्षांश थेट बार्शीच्या पलीकडे गेला. "तिकडेच राहा आता," म्हटलं.

आणि दुपार, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असण्याची वेळ, म्हणजे बारा नव्हे. भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, आपण ७५.९ वर. २६ मिनिटं तिथेच गेली. त्यात सूर्याची स्वतःची लहर: ३ नोव्हेंबरच्या आसपास तो १२.१० लाच माथ्याच्या रेषेवर येतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४० ला. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जायची घाई असते तेव्हा, १२.३५. बाराला येऊन साडेबाराला "ढग आले" म्हणत उतरणाऱ्यांना मी थांबवत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तर काकवीवर दुपारची साइट मिळतच नाही. सूर्य ६० अंशांच्या वर, दुप्पट कोन १२० च्या पुढे, आणि बहुतेक सेक्स्टंटची अंश कोरलेली कमान तिथेच संपते. तेव्हा सकाळी या.

वेळेचं सांगून घसा बसला. चार सेकंद चुकले की रेखांश एक कला सरकतो. अख्खं मिनिट चुकलं तर १५ कला, आणि चुकतं ते मिनिटच, कारण सगळे सेकंदकाट्याकडे डोळे लावून असतात. आधी सेकंद लिहा, मग मिनिट, मग तास. अल्मनॅक ग्रीनविचच्या वेळेवर चालतो, साडेपाच तास वजा करा. सकाळी साडेपाचच्या आधीची साइट असेल तर तारीखही मागे जाते, हे कुणालाच आठवत नाही.

बाकी किरकोळ. इंडेक्स एरर कमानीवर आली तर वजा, कमानीबाहेर तर अधिक. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे थेट अक्षांश नव्हे, तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३७ कला बाजूला आहे. अल्मनॅकमध्ये त्याचा तक्ता दिलाय, तो बघा. गेल्या वर्षीचा अल्मनॅक स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. सूर्याकडे बघण्याआधी दोन्ही बाजूंच्या काळ्या काचा लावा, काकवीतला सूर्यही डोळे जाळतो.

आणि साइट झाल्या झाल्या परात उचलून खाली न्या. मागच्या वर्षी ती रात्रभर गच्चीवर राहिली. मुंग्या अजून येतात, आणि बायको मला परात देत नाही.