खेळ पैठणीचा होस्ट करायचाय? मग आदेश भावोजींकडून हे शिका

मंडळाचा किंवा सोसायटीचा खेळ पैठणीचा तुमच्या गळ्यात पडला असेल तर आधी गेम्सची यादी शोधत बसू नका, घरोघरी जाऊन वहिनींना पैठणीसाठी खेळवणाऱ्या होम मिनिस्टर या टीव्ही शोचे जुने एपिसोड काढा आणि त्यातले गेम सोडून मधल्या गप्पा बघा. खरं काम तिथे चालायचं. त्याचे होस्ट आदेश बांदेकर आधी दूरदर्शनवर ताक धिना धिन हा शो करायचे, मग सप्टेंबर 2004 मध्ये होम मिनिस्टर सुरू झालं, तेव्हा झी मराठी चॅनलचं नाव अजून अल्फा मराठी होतं, आणि ते चाललं थेट 2024 पर्यंत. मध्ये 2009 ला शिवसेनेकडून माहीममधून विधानसभा लढले, हरले, पुढे सिद्धिविनायक ट्रस्टचे अध्यक्ष झाले, पण बायकांसाठी भावोजी ते भावोजीच राहिले. कारण दारात पाऊल टाकतानाच दिराचं नातं धरलं आणि वीस वर्षं सोडलं नाही. तुम्हीही स्टेजवर चढायच्या आधी ठरवा, वहिनी म्हणणार की ताई की काकू, आणि शेवटपर्यंत तेच नातं सांभाळा.

माइक समोर आला की भल्याभल्या गप्प होतात. त्यात "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की संपलंच, नाव गाव सांगून त्या थांबणार. त्यापेक्षा विचारा, "आज डब्याला काय दिलं होतं?" भेंडी म्हणाल्या की "कोणाला आवडत नाही घरात?" आणि मग बघा, सासरे, नवरा, धाकटा, सगळे आपोआप गोष्टीत येतात. माइक तुमच्याच हातात ठेवा, हनुवटीच्या जरा खाली, त्यांनी मान वळवली की माइकही वळवा. हातात दिलात तर बोलताना तो खाली जातो आणि मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही. सासूबाई समोर बसल्या असतील तर त्यांनाही एक प्रश्न जाऊ द्या, पण सुनेची तक्रार काढून घ्यायला नाही, तिच्या हातचं काय आवडतं ते विचारायला.

आता उखाणा. हे मी फार मनापासून सांगतेय, नवऱ्याच्या नावाचाच घ्यायचा असा आग्रह अजिबात धरू नका. समोर कोणाचा नवरा गेलेला असतो, कोणी वेगळी राहत असते, आणि आपण हजार लोकांत तिला खिंडीत गाठतो. आईच्या, लेकीच्या, कोणाच्याही नावाने घ्या असं सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाका. विधवा बायकांना नाव नोंदवायलाच संकोच वाटतो, त्यांना मंडळाच्या बायकांनी घरी जाऊन बोलवावं, पैठणी त्यांच्याही अंगावर तितकीच शोभते.

गेम्सचं म्हणाल तर पहिला राउंड तळ्यात-मळ्यात ठेवा, गर्दी पटकन कमी होते. नंतर फुगे, रिंग, ग्लासचा मनोरा, आणि फायनलला दोघीच. प्रत्येक गेम आधी स्वतः करून दाखवा, तोंडी नियम कोणाच्या लक्षात राहत नाही. आउट कोण हे तुम्ही ठरवू नका, त्याला दुसरी माणसं बसवा, नाहीतर ज्यांना हसवायचंय त्यांच्याशीच वाद घालत बसाल. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी बसून खेळायचा एक गेम हवाच हवा.

बक्षिसाच्या किमतीचं टेन्शन घेऊ नका. होम मिनिस्टरच्या 2022 मधल्या महामिनिस्टर या खास पर्वाला 11 लाखांची पैठणी होती, पण त्याआधीची इतकी वर्षं लोक रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसले ते साध्या पैठणीसाठी खेळणाऱ्या वहिनींना बघायलाच ना. पैठणी द्यायच्या आधी हरलेल्या वहिनींना स्टेजवर बोलवा, त्यांचं गिफ्ट द्या, दोन शब्द बोलू द्या, कारण पैठणी उघडली की फोटोसाठी सगळे स्टेजवर चढतात आणि मग त्यांच्याकडे कोणी बघत नाही.