मत्स्यटाकीच्या पीएच नियंत्रणासाठी सोलेनॉइड व्हॉल्व्हला वीज कशी द्यावी

जलवनस्पतींच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच स्थिर ठेवण्याविषयी पुष्कळ सल्ले मिळतात. परंतु वायू चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला वीज कशी द्यायची, हा प्रश्न ‘बारा व्होल्टचा कोणताही ॲडॅप्टर लावा’ एवढ्यावर मिटवला जातो. हा सल्ला अपुरा आहे आणि त्यापायी मासे दगावू शकतात. सिलिंडर, रेग्युलेटर (वायूचा दाब कमी करणारा) व बबल काउंटर (वायूचे बुडबुडे दाखवणारी नळी) जोडलेले आहेत आणि पीएच कंट्रोलरचा, म्हणजे पीएच चढला की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या व वायूमुळे तो उतरला की बंद करणाऱ्या यंत्राचा, पाण्यातील प्रोब ७ व ४ पीएचच्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) कॅलिब्रेट केलेला आहे, असे मी गृहीत धरतो.

व्हॉल्व्ह वीज नसताना बंद राहणाराच घ्यावा आणि तोही १२ व्होल्ट डीसीचा. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये न्यूमॅटिक (दाबाच्या हवेवर चालणारे) सामान मिळणे अवघड नाही. मात्र दुकानात २३० व्होल्ट एसीची कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारे तारेचे वेटोळे) पुढे केली, तर ती नाकारावी, कारण पाण्याशेजारी सतत चालू राहणारी वायर कमी व्होल्टेजचीच असली पाहिजे. कॉइलवरील लेबल पुसले गेले असेल, तर मल्टीमीटरने रोध मोजावा: ५ वॅटची १२ व्होल्टची कॉइल सुमारे २९ ओहम दाखवते, तर तेवढ्याच वॅटची २४ व्होल्टची सुमारे ११५ ओहम.

अशी कॉइल ०.४ अँपियरच्या आसपास विद्युतप्रवाह घेते, म्हणून १ अँपियरचा डीसी ॲडॅप्टर पुरतो.

आता खरा अवघड टप्पा. मला सर्वाधिक वेळ याच टप्प्याने घेतला. कॉइलचा पुरवठा तोडला की तिच्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि क्षणभर उलट दिशेने शेकडो व्होल्टचा झटका निर्माण होऊ शकतो. हा झटका रिलेच्या, म्हणजे कंट्रोलरमधील विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, संपर्कबिंदूंवर ठिणगी पाडतो. खराब झालेला रिले उघडून पाहिल्यास त्या इवल्या बिंदूंवर काळे डाग आणि बारीक खड्डे स्पष्ट दिसतात. बिंदू असेच झिजत राहिले, तर एके दिवशी एकमेकांना चिकटतात; मग कंट्रोलरच्या पडद्यावर ‘बंद’ असे दिसत असले, तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो, वायू रात्रभर सुटत राहतो आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना आढळतात. प्रोबलाही हा झटका बाधतो, कारण एका पूर्ण पीएच अंकासाठी प्रोब २५ अंश सेल्सिअसला जेमतेम ५९ मिलिव्होल्टचा फरक देतो. रिलेचा ‘टक्’ आवाज होताच पडद्यावरील आकडा उडी मारत असेल, तर नवा प्रोब घेण्याआधी ही जोडणी तपासावी.

उपाय म्हणजे १एन४००७ हा अगदी स्वस्त डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा सुटा भाग. तो कॉइलच्या दोन टोकांना समांतर, रुपेरी पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे ठेवून सोल्डर करावा आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. तो कॉइलजवळच बसवावा. कंट्रोलरच्या टोकाला लावला, तर मधली सगळी वायर झटका वाहत राहते. डायोड उलटा लागला तर ॲडॅप्टर थेट शॉर्ट होतो, म्हणून वीज देण्यापूर्वी पट्टीची दिशा दोनदा पाहावी. एसी कॉइलवर हा डायोड कदापि लावू नये. प्रोबची वायर आणि कॉइलची वायर एकत्र बांधू नये, दिसायला ते कितीही नीटनेटके वाटले तरी.

कंट्रोलरमध्ये मोकळा रिले संपर्क (स्वतः वीज न देणारा, नुसता स्विच) असेल, तर ॲडॅप्टर कायम चालू ठेवून त्याची डीसी बाजूच त्या संपर्कातून चालू-बंद करावी. केवळ २३० व्होल्टचे सॉकेट असेल, तर ॲडॅप्टर त्यात लावावा. पण पडून आहे म्हणून ५ अँपियरचा मोठा ॲडॅप्टर वापरू नये, कारण प्रत्येक वेळी चालू होताना तो रिलेवर प्रवाहाचा मोठा लोंढा आणतो.

व्हॉल्व्हचा पुरवठा फिल्टर ज्या बोर्डावर आहे, त्याच बोर्डावरून घ्यावा. व्हॉल्व्ह इन्व्हर्टरवर आणि फिल्टर साध्या लाइनवर ही रचना मला सर्वांत घातक वाटते: वीज गेली की पाणी थांबते, वायू प्रोबपर्यंत नीट पोहोचत नाही आणि पीएच उतरलेला न दिसल्याने कंट्रोलर वायू सोडतच राहतो. जोडीला दिव्यांबरोबर बंद होणारा, बॅटरी असलेला डिजिटल टायमर या पुरवठ्यात असावाच. रिले चिकटला तरी रात्री तो वायू तोडतो. त्या बोर्डाला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवी.

पीएचचा आकडा दुसऱ्याच्या टाकीवरून उचलू नये. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी आणि इमारतीच्या बोअरचे पाणी यांची कार्बोनेट कठीणता (केएच, म्हणजे पीएच उतरू न देणाऱ्या क्षारांचे प्रमाण) सारखी नसते, म्हणून आपल्या टाकीची मोजावी. ती ४ अंश असेल, तर ६.६ पीएचला पाण्यात साधारण ३० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. वायू चालू आणि बंद होण्याच्या पीएचमधील अंतर ०.१ ते ०.२ ठेवावे.

शेवटी व्हॉल्व्ह चालू असताना कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे, ते १०.८ च्या खाली गेले, तर ॲडॅप्टर बदलावा. तासाभराने कॉइल चांगलीच गरम लागेल, ते स्वाभाविक आहे. मात्र नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत ती बंद कपाटात कोंडू नये. त्यानंतर ॲडॅप्टरचा प्लग काढावा आणि बबल काउंटरकडे पाहावे. नळीतील उरलेल्या दाबाने काही बुडबुडे येतात. मिनिटभरानंतरही ते येत राहिले, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत (वायूची वाट बंद होते त्या जागी) कचरा अडकला आहे, आणि तो काढल्याशिवाय टाकी कंट्रोलरच्या स्वाधीन करू नये.