आलेन्तेजूच्या पद्धतीने भाजलेला तितर

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेन्तेजू प्रांतात, बुचाच्या ओक वृक्षांच्या माळांवर, तांबड्या पायांचा तितर आढळतो. तिथे त्याला ‘पर्दीश’ म्हणतात. सतत धावपळ करणाऱ्या या पक्ष्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, म्हणून भाजताना मांस कोरडे पडू न देणे हेच या पाककृतीतले खरे काम आहे.

भारतात रानातल्या तितराच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. त्यामुळे इथे दोन तितरांऐवजी पाळीव लाव्यांचे चार पक्षी घ्यावेत. परदेशात राहणाऱ्यांना मात्र दुकानात पाळीव तितर मिळू शकतो. शिकारीचा पक्षी असल्यास मांसात छर्रा राहिला नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे.

आदल्या रात्री पक्षी साफ करून त्यांना मीठ, मिरपूड आणि ठेचलेल्या पाच-सहा लसूणपाकळ्या चोळाव्यात, आणि दोन तमालपत्रे व एक पेला पांढरी वाइन घालून ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. वाइन-लसणाच्या याच मुरवणाला पोर्तुगीजमध्ये ‘विन्या दाल्युश’ म्हणतात आणि गोव्याच्या विंदालूचे नाव त्यावरूनच आले आहे.

दुसऱ्या दिवशी पक्षी बाहेर काढून कापडाने अगदी कोरडे टिपावेत, कारण ओल्या कातडीला रंग चढत नाही. छातीवर बेकनचे काप पसरून दोऱ्याने बांधावेत. वितळणारी चरबी मांसात झिरपत राहते. मातीच्या पसरट भांड्यात कांद्याच्या चकत्यांवर पक्षी ठेवून वरून ऑलिव्ह तेल सोडावे. ओव्हन आधीच २०० अंश सेल्सिअसवर तापवून तितर साधारण ३५ मिनिटे, तर लावे २० मिनिटे भाजावेत, आणि अधूनमधून तळाचा रस चमच्याने वर घालत राहावे. शेवटच्या आठ मिनिटांसाठी बेकन काढून टाकावे, म्हणजे कातडी तांबूस होईल. मांडीच्या जाड भागात सुई टोचल्यावर रस गुलाबी न येता स्वच्छ यावा. तापमापक असेल तर ७४ अंश ही खूण धरावी.

पक्षी काढून दहा मिनिटे झाकून ठेवावेत. ही विश्रांती टाळू नये, नाहीतर कापताच सारा रस ताटात उतरतो. तोवर मुरवणाचे पाणी गाळून त्याच भांड्यात ओतावे, थोडी पोर्ट वाइन घालून चांगले उकळावे आणि तळाला चिकटलेले सारे खरवडून त्यात मिसळावे. हा दाटसर रस पक्ष्यांवर ओतून, तो टिपायला जाड कवचाचा पाव सोबत द्यावा.